स्मशानातले हात आणि सनदेचा प्रश्न

परळच्या एका शाळेत मी मराठी शिकवीत होतो. दहावीच्या मुलांचे अर्ज तपासण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे येई. एका वर्षी 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात एका मुलाने नुसते 'म्युनिसिपालिटी' एवढेच लिहिले होते. मी त्याला म्हणालो, "अरे, म्युनिसिपालिटी हा काही व्यवसाय नव्हे. वडील तिथे काय करतात?" मुलगा खाली बघत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी वडील स्वतःच शाळेत आले. दाराबाहेर चपला काढल्या. मी खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"गुरुजी, पोरगं लिहितंय तसंच राहू द्या. मी स्मशानात असतो, कंत्राटावर. वर्गात कुणाला कळू दिलेलं नाही त्यानं."

मी अर्ज बाजूला ठेवला आणि त्यांना कामाबद्दल विचारू लागलो. आधी ते संकोचले. मग बोलू लागले तेव्हा थांबेनात. पावसाळ्यात लाकूड ओले असते, तेव्हा खालचा थर आडवा-उभा रचून हवेला वाट ठेवावी लागते. छातीचा भाग आणि कंबर शेवटपर्यंत राहते, म्हणून जाड ओंडके कुठे लावायचे हे आधी ठरवावे लागते. घरच्यांना रडू द्यायचे, पण आगीच्या किती जवळ येऊ द्यायचे याकडे डोळा ठेवावा लागतो. आणि छातीत मशीन बसवलेले असेल तर ते आधी काढून घ्यावे लागते, नाहीतर भट्टीत फुटते.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारले.

"कोण शिकवणार, गुरुजी? एकदा फुटलं, तेव्हा कळलं."

बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेची पांढरपेशी झोप मोडली. त्या कथेतला तरुण परक्या गावी निवाऱ्यासाठी आपली जात लपवतो. माझ्यासमोरचा विद्यार्थी बापाचे काम लपवत होता. जात चोरणे आणि काम चोरणे यांतले अंतर आपल्या देशात फार थोडे आहे. पण अंतर आहे, आणि ते नीट पाहिले पाहिजे असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे. एवढे ज्ञान ज्या माणसाच्या हातात आहे त्याला आपले साहित्य काय म्हणून ओळखते? आणि आपली चळवळ काय म्हणून ओळखते? या दोन प्रश्नांसाठी हा लेख आहे.

प्रारंभ गिरगावातून करावा लागतो. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लोकांसाठी लागला. भारतीय चित्रपटाचा इतिहास तिथून सुरू झाला असे मानतात. ज्या कथेने तो सुरू झाला तिचा कळस स्मशानात आहे, याकडे मात्र कोणी पाहत नाही. राज्य गेले, बायको विकली, मुलगा विकला, तरी राजाचा अधःपात पुरा होत नाही. तो पुरा होतो चांडाळाच्या चाकरीत. मराठीत ही गोष्ट म्हणीसारखी रुळली आहे: सत्त्वासाठी हरिश्चंद्राने डोंबाघरी पाणी भरले. कीर्तनात हे वाक्य आले की माना डोलतात, डोळे पाणावतात. ज्या डोंबाला गावच्या विहिरीवर घागर बुडवू दिली नाही, त्याच्या घरी एका राजाने काही काळ पाणी भरले याचे हे गहिवर आहेत. डोंब जन्मभर तेच करीत होता, त्याचे कोणाला काही वाटले नाही.

मार्कंडेय पुराणातली कथा याच्याही पुढे जाते. शेवटी कळते की तो चांडाळ चांडाळ नव्हताच, प्रत्यक्ष धर्मानेच ते रूप घेतले होते. म्हणजे राजाला विकत घेण्याइतका समर्थ चांडाळ या संस्कृतीला कल्पनेतसुद्धा सोसला नाही. त्याला देव करूनच कथेतून बाहेर काढावे लागले. राजा स्वर्गात गेला, धर्म आपल्या जागी गेला. स्मशानातली जागा रिकामी झाली. ती कोणी भरली हे सांगण्याची गरज पुराणाला वाटली नाही, कारण श्रोत्यांना ते माहीत होते.

या परंपरेला पहिला जबरदस्त तडाखा दिला अण्णा भाऊ साठे यांनी. 'स्मशानातील सोनं' ही कथा मुंबईच्या उपनगराची आहे. भीमा गावाहून पोटासाठी येतो, खाणीत दगड फोडतो, खाण बंद पडते. राखेच्या ढिगात त्याला एक अंगठी सापडते आणि रात्रीच्या अंधारात तो प्रेते उकरू लागतो. कोल्ह्यांशी झुंजतो. शेवटी मढ्याच्या जबड्यात बोटे अडकतात आणि ती गमावून बसतो. त्याच वेळी बातमी येते की खाण पुन्हा सुरू झाली आहे. इथे राजाचे सत्त्व नाही, कामगाराची भूक आहे. बेकारीने माणसाला मढ्यापर्यंत कसे नेले हे दाखवताना लेखक भीमाला कोठेही हीन होऊ देत नाही. त्याचे रडणे पापाचे नाही. ज्या बोटांनी त्याने दगड फोडले असते ती बोटे गेली याचे ते रडणे आहे. शहाण्या कामगाराचे रडणे आहे.

तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. भीमा स्मशानाचा कामगार नाही. तो तिथे चोरून येतो आणि चोरून जातो. स्मशानात रोज हजेरी लावणारा, लाकूड रचणारा, नोंदवहीपर्यंत प्रेत पोचवणारा माणूस या श्रेष्ठ कथेतही पडद्याआडच राहतो. अण्णा भाऊंचा हा दोष नव्हे. त्यांना बेकारीची कथा सांगायची होती आणि ती त्यांनी कोणी सांगितली नाही अशी सांगितली. पण त्यांच्यानंतरच्या आपण लेखकांनी ती रिकामी जागा भरली का?

ती भरली एका पारशी लेखकाने, इंग्रजीतून. सायरस मिस्त्री यांची प्रेतवाहकावरची कादंबरी २०१२ साली आली आणि तिला २०१४ चा डीएससी पुरस्कार मिळाला. दक्षिण मुंबईतल्या मलबार हिलवरची डुंगरवाडी हे तिचे स्थळ आहे. नायक अग्यारीच्या मुख्य धर्मगुरूचा मुलगा. तो खांदियाच्या, म्हणजे प्रेतवाहकाच्या, मुलीवर प्रेम करतो, लग्न करतो आणि स्वतः खांदिया होतो. त्याच दिवसापासून त्याचा स्पर्श निषिद्ध ठरतो. पारशी समाजात हिंदूंसारखी जातींची उतरंड नाही, रक्त तेच आहे. तरी धर्मगुरूचा मुलगा एका पिढीच्या आत अस्पृश्य झाला. आपल्याला ही कादंबरी फार मोलाची वाटली पाहिजे ती यासाठी. अस्पृश्यता रक्तात नसते, ती व्यवस्थेने कामावर लादलेली असते आणि मग कामाबरोबर माणसावर चढते, हे तिने प्रयोगशाळेत दाखवावे तसे दाखवले आहे.

त्या कादंबरीत आणखी एक गोष्ट आहे जी मराठी साहित्यात मी वाचली नाही. तिच्यातले खांदिये १९४२ च्या सुमारास संप करतात. कामाचे तास, विश्रांती, वागणूक यांसाठी ते हात आखडून घेतात. प्रेत उचलणारा माणूस नाही म्हणाला तर श्रीमंतातले श्रीमंत घरही हतबल होते. या एका प्रसंगात प्रेतवाहक दयेचा विषय राहत नाही. तो वाटाघाटीला बसलेला पक्ष होतो.

अलीकडच्या दोन चित्रपटांचा उल्लेख इथे करतो. 'मसान' हा २०१५ चा हिंदी चित्रपट. बनारसच्या डोम समाजातला मुलगा इंजिनियरिंगचा डिप्लोमा करतो आणि अखेर घाट सोडून रेल्वेच्या नोकरीत जातो. 'ओकुरिबितो' हा २००८ चा जपानी चित्रपट, त्याला २००९ साली ऑस्कर मिळाले. त्यात बेकार झालेला चेलोवादक प्रेताला न्हाऊमाखू घालून शवपेटीत ठेवण्याचे काम शिकतो आणि ते कलेच्या पातळीवर नेतो. आपल्या चित्रपटात विद्या घाटाबाहेर नेते, जपानी चित्रपटात विद्या कामाच्या आत नेते. दोन्ही अर्धसत्ये आहेत. जपानमध्येही मृत्यूशी आणि चामड्याशी संबंधित कामे बुराकुमिन या बहिष्कृत समाजाच्या माथी मारलेली होती. चित्रपट त्या समाजाचे नाव घेत नाही. हात बाहेरून आलेल्या कलावंताचे, म्हणून ते सुंदर दिसले. पिढ्यानपिढ्या तेच काम करणाऱ्यांचे हात पडद्यावर आलेच नाहीत.

आता साहित्याबाहेर येतो. हे काम जगात इतरत्र 'व्यवसाय' कसे झाले? अमेरिकेत यादवी युद्धानंतर प्रेते टिकवण्याची विद्या पसरली. १८८० साली मिशिगनमध्ये अंत्यविधी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेची पायाभरणी झाली, १८८२ साली सिनसिनाटीत शाळा निघाली. ब्रिटनमध्ये १९०५ साली संघटना झाली. सुतार आणि घोडागाडीवाला जोडधंदा म्हणून जे करीत होता त्याला अभ्यासक्रम, परीक्षा आणि परवाना मिळाला. काळ्या व्यावसायिकांनी १९२४ साली आपली स्वतंत्र राष्ट्रीय संघटना उभी केली. गोरे लोक काळ्यांच्या प्रेतांना हात लावीत नसत. त्या अपमानातूनच काळ्या अंत्यविधी व्यावसायिकाला गोऱ्या गिऱ्हाइकावर अवलंबून नसलेली रोजी मिळाली, आणि म्हणून त्याला ताठ कणाही ठेवता आला. १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाची हत्या झाली. शवपेटी उघडी ठेवा, जगाला बघू द्या, असा आग्रह त्याच्या आईने धरला. शिकागोच्या काळ्या व्यावसायिकाने तो मानला. त्या उघड्या पेटीने नागरी हक्कांच्या चळवळीला पेटवले. दलित पँथरने १९७२ साली काळ्यांच्या लढ्याकडे पाहून नाव घेतले. त्यांच्या कवितेबरोबर त्यांच्या या संघटनांकडेही आपण पाहायला हवे होते.

पण अमेरिकेचे आंधळे कौतुक नको. १९६३ साली जेसिका मिटफर्ड यांनी एक जळजळीत पुस्तक लिहून दाखवले की संघटित झालेला हा व्यवसाय शोकात बुडालेल्या कुटुंबाला महागड्या पेट्या विकण्यात पटाईत झाला आहे. १९८४ पासून तिथे प्रत्येक बाबीचा दर लेखी देण्याचे बंधन सरकारला घालावे लागले. संघटना ही आपोआप नीतीची हमी नसते. ती कोणाची आणि कोणासाठी, हा प्रश्न उरतोच.

आणि आपल्याकडे? गावगाड्यात मर्तिकाचा सांगावा घेऊन उन्हातान्हात दुसऱ्या गावी धावायचे महाराने, सरणाचे लाकूड वाहायचे त्याने, आणि मोबदला म्हणून हक्क कसला, तर मढ्यावरच्या कापडाचा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक आणले. वतनाला चिकटून राहू नका हे त्यांनी समाजाला जीव तोडून सांगितले. ही कामे टाकून देणे हाच तेव्हा माणूस होण्याचा मार्ग होता, यात तिळमात्र शंका नाही. मी मास्तर झालो तो त्या नकारामुळे.

परंतु बाबासाहेबांच्या विचारात आणखी एक सूत्र आहे, ज्याकडे या संदर्भात कोणी पाहिलेले मला दिसले नाही. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात ते पुरोहितपणाबद्दल बोलतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: पुरोहितपण वंशपरंपरेने चालू नये. ते सर्वांना खुले असावे. सरकारने ठरवलेली परीक्षा उत्तीर्ण होऊन सनद मिळवल्याखेरीज कोणाला विधी करता येऊ नये. पुरोहित सरकारचा नोकर असावा आणि शिस्तीला बांधलेला असावा. डॉक्टरला, इंजिनियरला आपली पात्रता दाखवावी लागते, मग यालाच मोकळीक का? जन्माऐवजी शिक्षण, हक्काऐवजी सनद, दक्षिणेऐवजी पगार: व्यवसायाची याहून नेमकी व्याख्या मी दुसरीकडे वाचलेली नाही.

हे सूत्र कागदावर राहिले नाही. १९५५ साली बाबासाहेबांनी भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. धर्मांतरानंतर महासभेने बौद्धाचार्य घडवले. शिबिर करायचे, पाठ शिकायचे, आणि मग लग्न, नामकरण, अंत्यविधी, पुण्यानुमोदन हे विधी करायचे. गिरणीतला जॉबर, गोदीतला कामगार, शाळेतला शिपाई पांढरे कपडे घालून त्रिशरण-पंचशील देऊ लागला. जन्माने भटजी असलेल्याची गरज संपली. परळ, नायगाव, वरळीच्या चाळींत ही केवढी मोठी क्रांती होती हे ज्यांनी पाहिले त्यांनाच कळेल. मीही असे शिबिर केले आहे. भोईवाड्याच्या स्मशानात कितीतरी जणांच्या शेवटच्या विधीला मी उभा राहिलो आहे.

आता मला माझ्यावरच टीका करायची आहे. त्या साऱ्या वर्षांत मी गाथा म्हणायचो आणि दोन पावले मागे सरायचो. मग एक माणूस पुढे यायचा, ओंडके सारखे करायचा, आग घ्यायचा. लोक माझ्या पाया पडत. त्याच्या हातावर कोणीतरी नोट ठेवी, बोट लागू न देता. एका पावसाळी संध्याकाळी तो मला म्हणाला, "गुरुजी, तुमचं झालं का? मागं आणखी दोन आहेत." त्याचे नाव मी तेव्हाही विचारले नाही. आम्ही पुरोहिताची जागा जन्मापासून सोडवली आणि ती शिक्षणाने भरली. प्रेताला हात लावणाऱ्याची जागा मात्र जशी होती तशी राहू दिली. विधीच्या वरच्या टोकाला सनद आली, खालच्या टोकाला नशीबच राहिले.

या अर्धवटपणाची फळे आज दिसत आहेत. लालबाग-परळच्या चाळीत तिरडी बांधणारा एखादा जाणता माणूस असे. बांबू, सुतळी, मडके कुठे मिळते, किती माणसे लागतील, सारे त्याच्या तोंडी. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, आणि ती जाणती माणसे पांगली. ती पोकळी आता कंपन्या भरत आहेत. २०२२ साली दिल्लीच्या व्यापार मेळ्यात मुंबईच्या एका अंत्यविधी सेवेने सजवलेली तिरडी मांडली होती. ३७,५०० रुपयांची योजना होती. लोकांनी थट्टा केली, मी करणार नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या शहरात ही गरज खरी आहे. पण अशा व्यवस्थेत फोन घेणारा, फुले मागवणारा, कुटुंबाशी मृदू बोलणारा 'व्यवस्थापक' होतो, आणि भट्टीशी उभा असलेला कंत्राटीच राहतो. व्यवसायाची प्रतिष्ठा वरच्या अर्ध्या भागाला आणि विटाळ खालच्या अर्ध्या भागाला, अशी ही नवी वाटणी आहे. शवागारातही वेगळे काय आहे? अहवालावर सही डॉक्टरची असते. सुरी अनेकदा त्याच्या हातात असते ज्याने शरीरशास्त्राचे एक पानही वाचलेले नाही, आणि ज्याची जात विचारावी लागत नाही.

२०२०-२१ च्या साथीत हे उघडे पडले. नातेवाईक दूर उभे राहिले, प्रेते याच हातांनी उचलली. मे २०२१ मध्ये, दुसरी लाट शिगेला पोचल्यावर, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सांगितले की स्मशानातल्या कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने, रास्त वेतन आणि प्राधान्याने लस मिळावी. म्हणजे तोवर हे गृहीत धरलेले नव्हते.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, हा माणूस आमच्या गुलामीला प्रमाणपत्र द्यायला निघाला आहे. बाबासाहेबांनी सोडायला सांगितले, हा टिकवायला सांगतो. आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तर स्पष्ट देतो. काम सोडण्याचा हक्क पहिला आहे आणि तो त्या विद्यार्थ्याचा आहे. पण मरण थांबणार नाही. कोणीतरी हे काम करणारच. प्रश्न एवढाच की ते जन्माने ठरलेला करील की शिकलेला. सनद जन्माची साखळी दोन्ही बाजूंनी तोडते: डोंबाच्या मुलाला बाहेर जाता येते आणि ब्राह्मणाच्या मुलाला आत यावे लागते. पगार असा हवा की तो आत येईल. धोका मला दिसतो. पगार वाढला, परीक्षा आली की आज राबणारे नापास ठरवून बाहेर काढले जातील. म्हणून परीक्षा तोंडी आणि हाताची हवी, आणि वीस वर्षे सरण रचलेल्या माणसाचा अनुभव हीच त्याची पदवी मानली पाहिजे. पहिले शिक्षकही तेच असले पाहिजेत.

आणि त्याला संघटनेची जोड हवी. १९३०च्या दशकात म्युनिसिपल कामगार संघ याच शहरात बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला होता. २०१७ साली मुंबईच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून मिळाला. स्मशानातले आणि शवागारातले कामगार संख्येने थोडे आहेत, विखुरलेले आहेत, म्हणून मागे आहेत. खांदियांचा संप कादंबरीत वाचून टाळ्या वाजवणाऱ्या आपण भोईवाड्यात किंवा चंदनवाडीत एक बैठक तरी घेतली आहे का?

लेखकांना माझे एवढेच सांगणे आहे. स्मशान हे दलित कवितेचे आवडते रूपक आहे. त्याचा वापर काही काळ थांबवून तिथल्या माणसाकडे बघू या. त्याला भाषा आहे, विनोद आहे, विद्या आहे. त्याच्यावर दयेची कथा पुरे झाली. त्याच्या कसबाची कथा अजून लिहायची आहे.

७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर बाबासाहेबांचा देह अग्नीच्या स्वाधीन झाला. तिथेच चैत्यभूमी उभी आहे. चैत्य हा शब्दच चितेशी नाते सांगतो. दर ६ डिसेंबरला लाखोंच्या रांगा स्मशानाच्या भिंतीला लागून पुढे सरकतात. भिंतीपलीकडे त्या दिवशीही काम चालू असते.

त्या मुलाच्या अर्जावर मी 'म्युनिसिपालिटी' हाच शब्द राहू दिला. बापाची विनंती मोडण्याचा मला अधिकार नव्हता. पण ज्या दिवशी असा एखादा मुलगा त्या रकान्यात वडिलांचे काम स्वच्छ अक्षरात लिहील आणि वर्गात कोणी मान वळवून पाहणार नाही, त्या दिवशी आपण दिलेला नकार पुरा झाला असे मी म्हणेन. तोपर्यंत तो अर्धाच आहे.